विसावा: वात्तोच्या शिपायांमागे अडीच महिने

१ जून २०२५, रविवार

शाळा १६ तारखेला उघडेल, तोवर रोज हात चालेल. पुढे फक्त रविवार. म्हणून आजच वही काढली.

डोळ्यांसमोर आहे फ्रेंच चित्रकार आंत्वान वात्तोचं 'व्हालांसिएनचा दरवाजा' हे चित्र. साधारण १७१०-११ चं काम. न्यूयॉर्कच्या फ्रिक कलेक्शनने ते १९९१ मध्ये घेतलं. आकार जेमतेम ३२ बाय ४० सेंटीमीटर, आमच्या मुलांच्या मोठ्या चित्रकला वहीएवढा. तटबंदीच्या आडोशाला शिपाई विसावलेत, अंगावर उबदार ऊन आहे. लढाई नाही, घोड्यावरचा राजा नाही, प्रेतं नाहीत. घडत काहीच नाही, आणि नजर मात्र सुटत नाही.

गेल्या वर्षी याची नक्कल केली होती. ती कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी आहे. रंग बरे जमले होते, पण माझे शिपाई धोम धरणावर सहलीला आलेल्या कुटुंबासारखे दिसतात. आता कोणीतरी डबा उघडेल असं वाटतं. कुठे फसलं ते वर्षभर कळलेलं नाही.

यंदा नक्कल नाही. तो ज्या रीतीने काम करायचा त्या रीतीने माझं स्वतःचं छोटं चित्र करायचं. कॅनव्हास त्याच मापाचा. बघू.

३ जून, मंगळवार

हात लावण्याआधी माणूस आणि गाव समजून घेते आहे. आज दिवसभर तेच केलं.

व्हालांसिएन हे वात्तोचं जन्मगाव, फ्रान्सच्या उत्तर सरहद्दीचं. १६७७ मध्ये फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने वेढा घालून ते जिंकलं आणि १६७८ च्या तहाने ते फ्रान्सचं झालं. वात्तोचा जन्म १६८४ चा. म्हणजे गाव फ्रेंच होऊन सहाच वर्षं झाली होती, आणि पॅरिसमध्ये लोक वात्तोला पुढेही फ्लेमिशच, म्हणजे सरहद्दीपलीकडच्या फ्लँडर्सचा, म्हणत राहिले. वडील छपरं शाकारणारे कारागीर. पोरगा विशीच्या आत पॅरिसला गेला, देवादिकांच्या चित्रांच्या घाऊक नकला करून पोट भरायला लागला, मग गिलो आणि ओद्रां या दोन चित्रकारांकडे शिकला. ओद्रां लक्झेंबर्ग राजवाड्याचा रखवालदार होता, त्यामुळे तिथली थोर फ्लेमिश चित्रकार रुबेन्सची भव्य चित्रं या पोराला हवी तितकी बघायला मिळाली.

१७०९ मध्ये राजाच्या कला अकादमीच्या रोमच्या बक्षिसात त्याचा दुसरा नंबर आला. हे बक्षीस म्हणजे रोमला जाऊन शिकायची संधी, आणि दुसऱ्याला रोम मिळत नाही. मन उडालं आणि गावाकडे जावंसं वाटलं, पण गाठीला पैसे नव्हते. ओद्रांच्या कामातून वेळ काढून त्याने कूच करणाऱ्या फौजेचं एक छोटं चित्र केलं होतं. ते सिरवा नावाच्या व्यापाऱ्याने ६० लिव्रला (तेव्हाचं फ्रेंच नाणं) घेतलं. त्या पैशांवर वात्तो घरी गेला. सिरवाने त्याच्या जोडीचं दुसरं मागितलं. ते होतं फौजेच्या मुक्कामाचं, आणि त्याचे वात्तोने २०० लिव्र घेतले. ही हकीकत सिरवाचा जावई जेर्सां याने १७४४ मध्ये लिहून ठेवली. तो असंही म्हणतो की हे दुसरं चित्र सगळं प्रत्यक्ष पाहून केलेलं होतं.

पाहायला काय होतं, ते तारखांवरून कळतं. स्पेनच्या गादीवरून १७०१ पासून युद्ध चाललं होतं. १७०९ चा हिवाळा इतका कडक की उभी पिकं जळाली आणि लोक उपाशी मेले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला माल्प्लाकेची लढाई झाली, व्हालांसिएनपासून पंचवीसेक किलोमीटरवर. इंग्रज सेनापती मार्लबरो आणि ऑस्ट्रियाचा युजीन यांच्या फ्रान्सविरोधी मित्रफौजांनी मैदान मारलं, पण त्यांचे वीस हजारांहून जास्त लोक कामी आले किंवा जखमी झाले. फ्रेंचांचा सेनापती व्हिलार गुडघ्याला गोळी लागून जायबंदी झाला. वात्तोचा पुढे मित्र झालेला आंत्वान द ला रोक याचा पाय याच लढाईत गेला. वात्तो गावी पोचला तेव्हा गावाच्या दारात ही हरून मागे फिरलेली माणसं होती.

वात्तोच्या काळाच्या या फ्रेंच शैलीला आपण रोकोको म्हटलं की गुलाबी गाल, झोपाळे आणि रेशीम आठवतो. हा शब्द जन्मला तोही उशिरा, आणि नावं ठेवायला. ही चित्रं झाली तेव्हा म्हातारा लुई जिवंत होता आणि त्याच्या तिजोरीत खडखडाट होता.

५ जून

लाल खडू. वात्तोची शिपायांची रेखाटनं बहुतेक लाल खडूची आहेत. काळा, लाल आणि पांढरा असे तीन खडू एकत्र वापरण्यात तो पुढे तरबेज झाला, पण सुरुवातीला लालच. हा खडू म्हणजे लोहयुक्त माती, आपली काव. आजी तुळशीवृंदावनाला लावायची तीच.

बाजारातून पाव किलो काव आणली. वस्त्रगाळ केली, चिनी माती मिसळली, डिंकाच्या पाण्यात मळून कांड्या वळल्या. उन्हात ठेवल्या आणि दुपारी वळीव आला. ताट आत आणेपर्यंत निम्म्यांचा लगदा झाला.

७ जून

वाचलेल्या कांड्या वाळल्या, पण दगड झाल्या. कागदावर ओढलं की उमटण्याऐवजी ओरखडा. डिंक जास्त झाला होता. आता चमचाभर पाण्यात डिंकाचा एक खडाच.

९ जून

जमलं! मऊ, थोडी भुरभुरीत, बोटाने पसरते. अकरा कांड्या झाल्या.

१५ जून, रविवार

आज मॉडेल मिळाला. आमच्या गल्लीत निवृत्त सुभेदार राहतात, वय सत्तरच्या आसपास. साताऱ्यात सुभेदार शोधावा लागत नाही, दारातून हाक मारली तरी मिळतो. चहा आणि कांदाभजी या मानधनावर यायला तयार झाले.

बसवण्याआधी त्यांच्या हातात प्रिंट दिली. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ती खिडकीशी नेली.

"ही कुठली पलटण?"

"फ्रान्सची. तीनशे वर्षांपूर्वीची."

"आणि करतायत काय?"

"आराम करतायत, काका."

"आराम नाही हा, बाई. हा विश्राम आहे."

मग त्यांनी माझा क्लास घेतला. कवायतीत 'सावधान' हा जसा हुकूम, तसा 'विश्राम' हाही हुकूमच. पाय फाकवायचे, हात मागे घ्यायचे, पण जागा सोडायची नाही. 'आराम से' म्हटल्यावर अंग सैल सोडता येतं, तरी रांग मोडायची नाही. "सुट्टी वेगळी. सुट्टीत माणूस गप्पा मारतो. हे बघा, यातला कुणी खरा मोकळा नाही. पुढचा हुकूम कुठून येतोय तिकडे सगळ्यांचा कान आहे."

मी गेल्या वर्षी या माणसांना सुट्टी दिली होती. हे लिहिताना हसू येतंय, पण वर्षभराची बोच या एका वाक्याने निघाली. निदान अर्धी तरी.

आज दोन रेखाटनं. एक बसलेलं, एक कोपरावर रेललेलं. बंदुकीऐवजी बांबू दिला होता, तो त्यांनी दूर ठेवूच दिला नाही. हत्यार हाताच्या अंतरात पाहिजे. डोळा लागला तरी.

२२ जून, रविवार

बांबू बदलला. बांबू हलका पडतो, त्यामुळे खांदा उतरत नाही आणि ओझं वाहिलेल्या माणसाची पाठ दिसत नाही. त्या काळची चकमकीची बंदूक चार किलोहून जड. फ्रेंच पायदळाने १७०३ मध्ये भाले बंद केले होते, म्हणजे आता प्रत्येकाच्या खांद्यावर हे वजन. घरातली पहार काढून दिली. काकांनी ती उचलली मात्र, उजवा खांदा आपोआप खाली गेला आणि मान डावीकडे कलली. ते कलणं मला शिकवून काढता आलं नसतं.

कपड्यांचा प्रश्न होता. फ्रेंच पायदळाचा कोट राखाडी-पांढरा असायचा. माझ्या सासऱ्यांचा जुना लांब रेनकोट काकांना घातला, वरून पट्टा. घड्या ठीक पडतात. बटणांकडे दुर्लक्ष.

एकूण पाच रेखाटनं. पाऊस लागून राहिलाय. कागद दमट आहे आणि खडू त्यावर छान बसतो.

२९ जून

आज नेमकं एकच पान केलं, पण आजवरचं सगळ्यात महत्त्वाचं.

पॅरिसच्या फोंदासियों कुस्तोदिया या कलासंग्रहात वात्तोचं एक रेखाटन आहे. एका कागदावर शिपायाची तीन रूपं, त्यातलं एक पाठमोरं. मी तसंच करायचं ठरवलं. काकांना एकदा समोरून, एकदा कुशीने, एकदा पाठीमागून, एकाच कागदावर शेजारी शेजारी. मधे चहा झाला. मोकळ्या पाठीला कळ येते म्हणून काका थोडं फिरून आले.

संध्याकाळी कागद भिंतीला लावला आणि लांब जाऊन बघितला. एका माणसाची तीन रूपं वाटेनात. तीन शिपाई शेजारी उभे आहेत आणि एकमेकांशी बोलत नाहीत, असं वाटायला लागलं.

रेखाटताना माणसं एकमेकांच्या शेजारी नव्हतीच. होता एकटा माणूस, समोर कोणी नसलेला. त्याचं ते एकटेपण खडूबरोबर कागदावर उतरतं, आणि नंतर त्याला कुठल्याही घोळक्यात नेऊन बसवलं तरी ते त्याच्या अंगावर राहतं.

यावर केल्युसचं म्हणणं काढून पुन्हा वाचलं. काउंट केल्युस वात्तोला जवळून ओळखायचा. १७४८ मध्ये त्याने अकादमीत वात्तोचं चरित्र वाचलं, त्यात त्याची कामाची रीत सांगितली आहे. वात्तो रेखाटनं एका बांधीव वहीत करायचा, म्हणजे हाताशी भरपूर साठा राहील. चित्र करायची लहर आली की वही उघडायची, त्या वेळी पटतील त्या आकृत्या निवडायच्या, त्यांचे गट जुळवायचे, आणि तेही बहुधा आधीच मनात असलेल्या किंवा तयार असलेल्या देखाव्याला धरून. अख्ख्या चित्राचा कच्चा आराखडा तो जवळपास करतच नसे. केल्युसने हे तक्रारीच्या सुरात लिहिलंय. त्याच्या मते हा आळस. अकादमीच्या शिस्तीत आधी प्रसंग ठरवायचा आणि मग त्या प्रसंगाला लागतील तशी माणसं काढायची. कोण कोणाकडे बघतो, कोण हात दाखवतो, सगळं कथेच्या हिशेबात.

लुईचा दरबारी चित्रकार व्हान डर म्यूलेन याने राजाच्या मोहिमा अशाच रंगवल्या. पुढे राजा आणि त्याचे सरदार, मागे नकाशासारखं पसरलेलं शहर. तिथे शिपाई म्हणजे ठिपके. वात्तोकडे कथा नाही, म्हणून ठिपक्यांना चेहरा मिळाला. पण ओळख मिळाली नाही, आपसातसुद्धा.

माझ्या नकलेत मी काय केलं होतं ते आता दिसतं. चित्र 'जुळवून' घ्यायच्या नादात मी नजरा जुळवल्या होत्या. याची मान किंचित त्याच्याकडे, त्याचे डोळे याच्याकडे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक. तेवढ्यावर सहल झाली.

६ जुलै, आषाढी

काका आले नाहीत, उपास आहे. घरीच उलटे ठसे काढले. ही युक्तीही वात्तोचीच: खडूच्या रेखाटनावर ओलसर कागद ठेवून दाब दिला की आरशातल्यासारखी उलटी प्रत मिळते. एका शिपायाचे दोन होतात. छापखान्याचं यंत्र नाही म्हणून लाटणं वापरलं. पहिली प्रत सुरकुतली, दुसरी फिकी, तिसरी चांगली आली. लाटण्याला लाल रंग चढलाय, स्वयंपाकघरातून ओरडा बसला.

नाव काय द्यायचं यावर डोकं खाल्लं. फ्रेंचमध्ये 'हाल्त'. 'छावणी' म्हणावं तर तंबू-राहुट्या डोळ्यांपुढे येतात, 'तळ' म्हटलं की फार मोठी फौज. 'पडाव' मला हिंदी वाटतो. टीव्हीवर सकाळपासून पंढरपूर चालू होतं आणि पालखीच्या वाटेवरचा 'विसावा' कानावर पडला. थोडा वेळ टेकायचं, पण वाट संपलेली नाही. तोच घेतला.

१३ जुलै

जुळवाजुळव. रेखाटनं आणि ठसे कापून कॅनव्हासच्या मापाच्या पुठ्ठ्यावर सरकवत बसले. एकूण चौदा आकृत्या, त्यातल्या चार ठेवल्या. एक कोपरावर रेललेला, एक गुडघे पोटाशी घेतलेला, एक पाठमोरा बसलेला, एक तोंडावर टोपी घेऊन आडवा. मागे तटाची भिंत. भिंतीसाठी अजिंक्यताऱ्याचा दरवाजा समोरच आहे, पण मोह आवरला. तिथला काळा दगड या राखाडी कोटांच्या मागे वेगळंच काही सांगायला लागेल. साधी, पडझड झालेली, विटा-दगडांची भिंत आणि उजवीकडे आकाश.

बाई असावी का? वात्तोच्या फौजेत बायका असतात. मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयातल्या मुक्कामाच्या चित्रात चुलीवर भांडं चढलंय आणि एक बाई बाळाला पाजते आहे. फौजेमागे बायकापोरं, दारू-भाकरी विकणाऱ्या बायका, सगळं बिऱ्हाड चालायचं. माझ्याकडे बाईचं एकही रेखाटन नाही, आणि मनाने काढली तर ती कथा सांगायला लागेल. नको.

२० जुलै

रंगाला सुरुवात. तपकिरी पातळ थर, त्यावर करडे. ठीक चाललंय.

२७ जुलै

ठीक चाललेलं नाही. गेल्या रविवारचा थर अजून बोटाला चिकटतो. घाईत जवसाचं तेल जास्त घातलं, आणि हवा अशी की भिंतीवरचा पापडसुद्धा वाळणार नाही. डाव्या बाजूच्या भिंतीवर बारीक सुरकुत्या धरल्यात.

गंमत म्हणजे वात्तोबद्दल केल्युसची दुसरी मोठी तक्रार हीच आहे. तेल बेसुमार वापरायचा, पॅलेट दिवसेंदिवस साफ करायचा नाही, ब्रश ज्या भांड्यात बुडवायचा त्यात धूळ आणि जुने रंग साचलेले. त्यामुळे चित्रं लवकर काळवंडली, तडकली. त्याच्या रीतीने काम करायचं म्हटलं होतं, पण इतकं नव्हे.

भिंतीचा सुरकुतलेला भाग सुरीने खरवडला. पुन्हा पातळ थर, टर्पेंटाइन जास्त, तेल नावाला. कॅनव्हास रात्री फ्रिजच्या मागे, तिथे ऊब असते.

तांब्याच्या पत्र्यावर करून बघावं असंही मनात आलं. सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये वात्तोची एक जोडी तांब्यावर आहे, साधारण १७१५ ची, प्रत्येक चित्र बावीस बाय चौतीस सेंटीमीटरच्या आत. एकात युद्धाचे कष्ट: वादळात वाकलेली झाडं, चाललेली फौज. दुसऱ्यात युद्धातला विरंगुळा: झाडांना बांधलेल्या कापडाखाली खाणंपिणं. क्रोझा या धनाढ्याच्या संग्रहातून १७७२ मध्ये ती रशियाच्या कॅथरीन राणीकडे गेली. त्यांची प्रिंट काकांना दाखवली तर विरंगुळ्याच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "ही मात्र सुट्टी."

तांब्याचा भाव विचारून आले. कॅनव्हासच बरा.

३ ऑगस्ट

वाळला! हवा दोन दिवस उघडली होती. कोट आणि चेहरे केले. चेहरे मुद्दाम अर्धवट ठेवले. टोपीच्या सावलीत दोन ठिपके, बस्स. नजर कुठे आहे ते कळता कामा नये, तरी ती शेजाऱ्याकडे नाही हे कळलं पाहिजे. एकाच डोळ्यावर पाऊण तास गेला.

रेललेल्याच्या कोटाला निळा दिला. निळा फ्रेंच गार्डांचा, साध्या पायदळाचा नव्हे, हे माहीत असून दिला. तिथे रंग हवा होता.

१० ऑगस्ट

काकांना चित्र दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. भजी गार झाली.

"हे चार जण..."

"हो."

"चारही मीच आहे."

"हो काका. मॉडेल एकच होता."

त्यांनी पुन्हा पाहिलं. एकेकावर बोट फिरवत गेले, टेकवलं नाही, रंग ओला असेल म्हणून. "हा टोपीवाला झोपलेला, हा पाठ करून बसलाय, हा आडवा, हा गुडघ्यात." मग माझ्याकडे वळले. "आणि पहाऱ्यावर कोण आहे?"

मी पाहिलं. पहाऱ्यावर कोणी नव्हतं.

"चार माणसं दरवाज्याबाहेर टेकली आणि एकही उभा नाही? बाई, असं कुठे असतंय होय."

उजवीकडे आकाशाच्या कडेला चार बोटं जागा आहे.

१७ ऑगस्ट

काका सकाळी आठलाच आले. रेनकोट स्वतःच चढवला, पहार स्वतःच घेतली. व्हरांड्यात उभे राहिले, चेहरा रस्त्याकडे, म्हणजे मला पाठमोरे.

एक रेखाटन, लाल खडू. चाळीस मिनिटं लागली. मधे टेका म्हटलं तर नको म्हणाले. खडूची शेवटची कांडी संपली, तेव्हा ते अजून उभे होते आणि मी झालं म्हणून सांगायला विसरले होते.